आयटीआयत सीआर (क्लास रिप्रेझेंटेटिव्ह, वर्गप्रतिनिधी) झालाय? मग पोरं तुमच्यामागं काय बोलतात ते आधी समजून घ्या

पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सर वर्कशॉपमधे येऊन विचारतात, "सीआर कोण होणार रे?" आणि सगळी पोरं एकदम टेबलावरच्या आपापल्या व्हाइसकडे (जॉब पकडायचा शिकंजा) बघायला लागतात. मग मागून कोणीतरी तुमचं नाव घेतं, बाकीचे हसतात, दोघंतिघं टाळ्या वाजवतात, सर म्हणतात "ठरलं", आणि झालात तुम्ही सीआर. याला आपल्याकडे निवडून येणं म्हणतात. माझं असंच झालेलं. फिटर ट्रेड, दोन वर्षं, युनिटमधे २० पोरं. नंतर डिप्लोमाला डायरेक्ट सेकंड इयरला गेलो तर तिथं पण तेच गळ्यात पडलं, म्हणजे आयटीआयचा खाकी युनिफॉर्ममधला सीआर आणि डिप्लोमाचा डिफॉल्टर लिस्टवाला (हजेरी किंवा सबमिशनमधे मागं राहिलेल्यांची यादी) सीआर, दोन्ही करून झालंय. त्यावरून लिहितोय. सरांना कसं खूश ठेवायचं ते यात नाहीये, पोरांच्या नजरेत सीआर म्हणजे नक्की काय असतो आणि त्यात जरा बरं कसं दिसायचं एवढंच आहे.

पहिली गोष्ट, तुम्हाला वाटतं तुम्ही पोरांचे प्रतिनिधी आहात. पोरांना तसं वाटत नाही. पोरांच्या हिशोबात तुम्ही सरांचा माणूस. सकाळी सर नसले की हजेरी तुमच्याकडे, ड्रॉइंग शीट गोळा करायच्या तुम्ही, सरांचा निरोप तुमच्या तोंडून, स्टोअरमधून फाईल (कानस) आणि व्हर्निअर (मापायचं साधन) तुमच्या सहीवर. आता सांगा, यातलं कुठलं काम पोरांच्या बाजूचं आहे? एक पण नाही. मग त्यांनी चमचा म्हटलं तर राग कशाचा. आयटीआयत शिकवणाऱ्या सरांना निदेशक म्हणतात, म्हणून मला पहिले तीन महिने "उपनिदेशक" म्हणायचे, तोंडावर नाही, मागं. मला कळलं ते पण एकाच्या तोंडून चुकून निघालं म्हणून.

याला कारण पण आहे थोडं. सीनियर कॉलेजच्या खुल्या निवडणुका आपल्या राज्यात मारामाऱ्या आणि खून झाल्यावर नव्वदच्या दशकात बंद झाल्या, मग १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात वर्गात पहिला येणारा तो प्रतिनिधी अशी सिस्टीम आली. २०१६ च्या नव्या कायद्यात निवडणुका परत आणल्या, २०१९ ला घ्यायचं ठरलं पण होतं, ते पुढं ढकललं. म्हणजे आपल्या मोठ्या भावाबहिणींनी पण कॉलेजमधे मत टाकलेलं नाही. त्यात आयटीआय विद्यापीठाखाली येतच नाही, ते व्यवसाय शिक्षण संचालनालयाकडे, आणि पॉलीटेक्निकचं बघतं तंत्रशिक्षण मंडळ. त्यामुळे तो कायदा आला काय गेला काय, आपल्या वर्कशॉपात सीआर निदेशक सरांच्या मर्जीनंच होतो, आणि पोरांनी निवडून दिलेला माणूस आपलं काम करून आणतो हे कधी बघितलेलंच नसल्यामुळे कोणी अपेक्षा पण ठेवत नाही. अपेक्षा नाही म्हणून विचारत नाहीत, विचारत नाहीत म्हणून सीआर पण करत नाही. असं ते चाक फिरत राहतं.

आता पोरं काय म्हणतात ते काढायचं कसं

ग्रुपवर "मित्रांनो माझ्याबद्दल काही तक्रार असेल तर बिनधास्त सांगा" असा मेसेज टाकू नका प्लीज. मी टाकलेला. चार अंगठे आले, एक हात जोडलेला इमोजी आणि एकानं मारुतीचा फोटो टाकला कारण शनिवार होता. तोंडावर कोणी काही सांगत नाही, कारण हजेरी तुमच्या हातात आहे आणि सरांच्या केबिनला तुम्ही दिवसातून चार वेळा जाता.

त्यापेक्षा आधीच्या सीआरबद्दल विचारा. सुट्टीत टपरीवर नाहीतर एसटीच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना सहज विषय काढायचा, मागच्या बॅचचा सीआर कसा होता रे, त्याचं काय चुकलं. पोरं अशी सुटतात बघा. त्यानं वर्गणी खाल्ली, तो फक्त त्याच्या गाववाल्यांची हजेरी लावायचा, तो सरांच्या गाडीला किक मारायला पळायचा. यातलं अर्धं तुमच्याबद्दलच असतं हे लक्षात ठेवून ऐका, आणि मधे स्वतःची बाजू मांडायला लागू नका, नाहीतर संपलं. जो मुद्दा दोन वेगळ्या गटातली पोरं बोलतील तो खरा समजायचा. गट म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे, एका एसटीनं येणारी एका गटात, हॉस्टेलवाली एका गटात, मोटारसायकलवाली वेगळी.

अजून एक खूण सांगतो. कोणाला अडचण आली की तो पहिल्यांदा कुठं जातो ते बघा. स्कॉलरशिपचा फॉर्म महाडीबीटीवर अडकला, आधार लिंक होत नाही, आणि पोरगं तुम्हाला न विचारता थेट ऑफिसच्या खिडकीत उभं राहिलंय, म्हणजे त्याच्या लेखी तुम्ही नाहीच आहात. आणि तुम्ही सोडून बाकी सगळे असलेला एक दुसरा ग्रुप असतोच. असू दे. त्यात घुसायचा प्रयत्न करू नका, आणि त्यात काय चाललंय ते सांगणारा खबरी तर मुळीच ठेवू नका, कारण खबऱ्या दोन्हीकडून खातो.

ब्लेडची गोष्ट

ही जरा सविस्तर सांगतो कारण सगळं यातच आलं. पहिल्या वर्षी आमचं हॅक्सॉइंग, म्हणजे करवतीनं लोखंड कापणं, चालू होतं. एमएस फ्लॅट (लोखंडी पट्टी) कापायचा, मार्किंगच्या बाहेर जायचं नाही, नंतर फायलिंग करून काटकोनात आणायचा. आता नवशिका हात, ब्लेड तिरकी झाली की तट्कन तुटते. स्टोअरमधल्या ब्लेडी संपल्या. स्टोअरचे काका म्हणाले मागणी गेलीय, येतील. पोरं बाहेरच्या हार्डवेअरच्या दुकानातून स्वतःच्या पैशानं आणायला लागली. ज्याच्याकडं पैसे नसायचे तो दुसऱ्याचं ब्लेड मोकळं व्हायची वाट बघत उभा, आणि त्याचा जॉब मागं पडायचा.

मी सरांकडे गेलो. सर म्हणाले, "बघू." परत चार दिवसांनी गेलो, सर म्हणाले गटनिदेशकांकडे (सरांच्या वरचे) कागद आहे, प्राचार्यांची सही व्हायचीय. तिसऱ्यांदा गेलो तर सर वैतागले. म्हणजे मी तीनदा गेलो, बोलणी खाल्ली, माझं मला वाटत होतं की मी पोरांसाठी लढतोय. आणि पंधरा दिवसांनी एकजण सगळ्यांसमोर म्हणाला, "सीआर काय करतोय, त्याला ब्लेड मिळतंय ना."

मला मिळत नव्हतं, मी पण विकतच आणत होतो. पण त्याची चूक नव्हती. कारण त्या पंधरा दिवसात मी पोरांना एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. सांगायला काही नव्हतंच ना, "बघू" हे काय सांगणार, असं मला वाटायचं. तिथं चुकलं. पोरांच्या बाजूनं बघा, त्यांनी एक गोष्ट तुमच्याकडे टाकली आणि ती विहिरीत टाकल्यासारखी गडप झाली.

तेव्हापासून एक वही केली. साधी दोनशे पानी. तारीख, कोणी काय सांगितलं, मी कोणाकडे गेलो, काय उत्तर मिळालं. आणि रोज सुट्टी व्हायच्या आधी हात धुवायच्या नळाजवळ सगळे जमतातच, तिथं उभ्याउभ्या दोन मिनिटात वाचून दाखवायचं. "ब्लेडचं, आज गेलतो, प्राचार्य मीटिंगला बाहेर, सोमवारी परत जाणार." एवढंच. उत्तर "नाही" असलं तरी सांगायचं, आणि कोणी नाही म्हटलं ते पण सांगायचं, पण मसाला न लावता. ब्लेडी आल्या त्यानंतर पण आठदहा दिवसांनी, माझ्यामुळं आल्या का आपोआप आल्या देव जाणे, पण "सीआर काय करतोय" हे परत ऐकलं नाही. गंमत म्हणजे दुसऱ्यांदा प्राचार्यांकडे जायचं होतं तेव्हा दोघं स्वतःहून म्हणाले आम्ही पण येतो.

ही एक सवय लावली तरी तुमचं अर्धं काम झालं. बाकीचं खाली लिहितो ते त्याच्या तुलनेत किरकोळ आहे, हजेरी आणि पैसे सोडून.

हजेरी

इथं सगळ्यांची परीक्षा होते. आयटीआयला परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, पॉलीटेक्निकला ७५. पोरगं शेतात पाणी द्यायला थांबलं, कोणी रात्री एमआयडीसीत पार्टटाइम करतो आणि सकाळी झोप मोडत नाही, आणि सगळे तुमच्याकडे बघतात, "लाव ना भावा." एकाची लावली की सगळ्यांची लावावी लागते, नाही लावली तर चमचा. मी सुरवातीला दोघा जवळच्यांची लावली. तेच सगळ्यात महागात पडलं, सरांना नाही कळलं पण पोरांना पहिल्या दिवशीच कळलं, आणि नियम मोडला याचं कोणाला काही नव्हतं, "आमची का नाही" याचं होतं.

उपाय एकच, तो हात तुमच्याकडून काढून घ्या. सरांना सरळ म्हणायचं, सर हजेरी तुम्हीच घ्या नाहीतर रोज रोल नंबरनं एकेकाला द्या. माझे सर तयार झाले, कारण त्यांना पण डोकेदुखीच होती. बदल्यात तुम्ही दर पंधरा दिवसांनी सरांकडून ज्यांची टक्केवारी घसरतेय त्यांची नावं घ्यायची आणि त्या पोराला बाजूला घेऊन, ग्रुपवर नाही, बाजूला घेऊन सांगायचं की तुझी ७४ वर आलीय, पुढचा महिना सांभाळ. आमच्यात एकाला असं वेळेत सांगितलं म्हणून तो परीक्षेला बसला आणि तो मला आजपण दिवाळीला फोन करतो. त्याच्यासाठी मी सीआर होतो म्हणजे एवढंच होतो.

पैसे

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, विश्वकर्मा जयंती १७ सप्टेंबरला, शिक्षकदिन, सेंडऑफ, वर्षातून चारपाच वेळा वर्गणी होतेच. २० पोरांचे पन्नास पन्नास म्हणजे हजार रुपये, रक्कम काहीच नाही, पण सीआरची इज्जत जाते ती याच हजारात. झेंडूला किती, नारळ किती, पेढ्यांचं बिल कुठाय.

तर पैसे स्वतःकडे ठेवू नका. ज्याचं तुमच्याशी पटत नाही त्याच्याकडे ठेवा. खरंच सांगतोय. आमच्यात एक होता, माझ्या नावानं सगळ्यात जास्त ओरडायचा, खंडेनवमीचा खजिनदार त्यालाच केला. तो पेठेत फुलं आणायला गेला, झेंडू आदल्या दिवशी दुप्पट झालेला, त्याची त्याला कळली काय भानगड असते. संध्याकाळी हिशोबाचा कागद फोटो काढून ग्रुपवर टाकला, उरलेले तीस-पस्तीस रुपये कुठं गेले ते पण लिहिलं, चहा. विषय संपला. यूपीआयवर घेत असाल तर स्क्रीनशॉट नको, यादी टाका, कारण स्क्रीनशॉटमधे तुमचे बाकीचे व्यवहार दिसू शकतात आणि मग वेगळीच चर्चा चालू होते.

मुली

मुलींना आयटीआयच्या जागांमधे ३० टक्के आरक्षण आहे, पण फिटर-टर्नरला प्रत्यक्षात दोनतीनच असतात, कधी एक पण नसते. कोपा (कॉम्प्युटरचा ट्रेड) किंवा ड्रेसमेकिंगला चित्र उलटं. आमच्या युनिटला तीन होत्या. मी कधी त्यांना विचारलंच नाही काही, मला वाटायचं त्यांचं काही म्हणणंच नाही. नंतर कळलं की वर्कशॉपच्या बाजूला लेडीज टॉयलेट नव्हतं, मेन बिल्डिंगला चालत जावं लागायचं आणि त्यासाठी दरवेळी सरांना विचारायला लाज वाटायची. हे त्या मला कशाला सांगतील. म्हणून दोनच मुली असल्या तरी त्यांच्यातली एक एलआर (मुलींची प्रतिनिधी) पाहिजे, नुसती नावाला नाही, वहीत तिची पण वेगळी पानं पाहिजेत आणि प्राचार्यांकडे जाताना ती बरोबर पाहिजे. आणि कोणी त्रास देत असेल तर ते सीआरनं मिटवायचं प्रकरण नाही, ते अंतर्गत समितीकडेच (लैंगिक छळाच्या तक्रारी बघणारी) जायला पाहिजे, "जाऊदे, मी बोलतो त्याच्याशी" म्हणून दाबू नका.

कागदावरचे प्रतिनिधी

हे बऱ्याच पोरांना माहीतच नसतं. २००७-०८ पासून केंद्राची एक योजना आली, देशातल्या १,३९६ सरकारी आयटीआयला अडीच कोटीपर्यंत बिनव्याजी कर्ज आणि त्याबरोबर संस्था व्यवस्थापन समिती, आयएमसी म्हणतात. अध्यक्ष कंपनीवाला, सेक्रेटरी प्राचार्य, आणि मेंबरांमधे एक विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी असतो. पण तो निवडून येत नाही, नेमला जातो. तुमच्या आयटीआयत आयएमसी असेल तर ऑफिसात नम्रपणे विचारा, सध्या विद्यार्थी मेंबर कोण आहे. मी विचारलं तेव्हा क्लार्क साहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघत बसले. शेवटी जे नाव निघालं त्या मुलाला आपण मेंबर आहोत हे माहीत होतं, मीटिंगला काय बोलायचं ते माहीत नव्हतं. त्याला आम्ही आमच्या वहीतले तीन मुद्दे लिहून दिले, बस.

पॉलीटेक्निकला अशा समित्या जास्त. अँटीरॅगिंग समितीत फ्रेशर आणि सीनियर दोन्हीकडचे विद्यार्थी पाहिजेत, तक्रार निवारण समितीत विद्यार्थी असतो पण तो मार्क, खेळ वगैरे बघून नेमलेला. तर सीआर म्हणून तुमचं काम काय, हे मेंबर कोण ते शोधायचं आणि नावं नोटीस बोर्डाजवळ लिहून लावायची. पोरांना वाटतं सगळं सीआरनंच करायचं असतं, आणि सीआरला पण तसंच वाटतं, मग कुठलंच होत नाही.

डिप्लोमाला अजून एक फरक. तिथं पोरं सीआरला ओळखतात ते फक्त सबमिशनच्या आठवड्यात. मॅन्युअल चेक झाली का, सर केबिनला आहेत का, डिफॉल्टर लिस्ट लागली का, रात्री बारा वाजता फोन. तिथं मी एवढंच केलं, प्रत्येक विषयाला एकेक पोरगं वाटून दिलं, ज्याला जे सर जवळचे. मला फोन यायचे बंद झाले आणि सीआर काहीच करत नाही असं पण कोणी म्हटलं नाही, उलट पाच जणांना सीआर असल्यासारखं वाटायला लागलं.

निवडच नीट करायची असेल तर

दुसऱ्या वर्षी आम्ही सरांना विनंती केली की हात वर करून नको, चिठ्ठ्या टाकू. हात वर केला की गाव आणि गट दिसतो, आणि ज्यानं नाही केला त्याच्यावर डूख राहतो. चिठ्ठीला काही लागत नाही, सारख्या आकाराचे २० कागद, सगळ्यांना एकाच रंगाचं पेन आणि टूलबॉक्सचा रिकामा डबा. सरांनी पाच मिनिटं बाहेर थांबायचं, हे महत्त्वाचं, नाहीतर पोरं सरांच्या चेहऱ्याकडे बघून लिहितात. मोजताना फळ्यावर सगळ्यांसमोर चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. उभं राहणाऱ्यांनी आधी दोनदोन मिनिटं बोलायचं, आणि "सगळ्यांना न्याय देईन" असलं बोलायला बंदी, कुठलं एक काम करणार तेवढंच सांगायचं. एकानं सांगितलं, ग्राइंडरजवळचे गॉगल फक्त दोन आहेत, मी चार मागून आणतो. त्याला ११ मतं पडली, मला ६. तीन दुसऱ्या एकाला.

हरलो म्हणून वाईट वाटलं का, वाटलं की. दोन दिवस टपरीवर गेलो नाही. मग एकजण वही मागायला आला. वहीत जे मुद्दे लटकलेले होते त्यांच्यापुढं पेन्सिलनं गोल करून दिली, स्टोअरच्या काकांना कुठल्या वेळी भेटायचं ते सांगितलं, जेवणानंतर, आधी नाही, आणि ग्रुपचा अ‍ॅडमिन त्याला केला. गॉगल त्यानं आणले, चार नाही, तीन.